प्रिंटर दीड फुटाचा, सेटअप तीनशे एमबीचा

वाचकांचे प्रश्न : कॉम्प्युटर आणि मोबाईल

प्रश्न : ताई, संगमेश्वर तालुक्यात माझं झेरॉक्स-टायपिंगचं छोटं दुकान आहे. दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर. ब्रॉडबँड आमच्या बाजूला अजून पोचलेलं नाही, सगळा कारभार मोबाईलच्या हॉटस्पॉटवर, रोजचा दीड जीबी. गेल्या महिन्यात एका बुधवारी सकाळी साडेदहालाच डेटा संपल्याचा मेसेज आला. आम्ही तर दोन सातबारे काढले होते फक्त. डेटाचं पॅक मारलं, तर प्रिंटर रुसला. कंपनीच्या साइटवर गेलो, फाईल फक्त 3 एमबीची. खूश झालो. चालवली तर म्हणते, आता 312 एमबी उतरवते! वर खातं उघडा, शाईची वर्गणी घ्या, ब्राउझर बदला. समोर दहावीचा फॉर्म घेऊन पोरगा उभा. शेवटी कुठलं बटण दाबलं तेही आठवत नाही. हे असं का करतात?

उत्तर : दादा, ‘बुधवारी’ हा शब्द लिहिलात ते फार बरं केलंत. सांगलीत बावीस वर्षं कॉम्प्युटर दुरुस्त करतेय, महिन्यातल्या एका बुधवारी माझा फोन जास्त वाजतो. विंडोजच्या सुरक्षेच्या दुरुस्त्या दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघतात, 2003 पासूनची रीत आहे ही. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळचे दहा वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेदहा, थंडीत साडेअकरा. तुमचं शटर तेव्हा खाली. बुधवारी सकाळी दोन्ही मशिनं जागी झाली, हॉटस्पॉट सापडला, आणि दोघंही आपापलं ताट वाढून बसली. पुन्हा या महिन्याच्या पॅकेजमध्ये आधीच्या महिन्यांच्या दुरुस्त्याही धरलेल्या असतात, त्यामुळे ते जड.

दुरुस्त्या नकोत असं मात्र म्हणू नका. लोकांचे आधार, बँकेचे कागद तुमच्या मशिनवर येतात. फक्त वेळ तुम्ही ठरवा. समोरचं वाय-फाय मोजून मिळणारं आहे हे कॉम्प्युटरला बऱ्याचदा सांगावं लागतं. सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, तिथे वाय-फाय, आपल्या हॉटस्पॉटच्या नावाच्या प्रॉपर्टीज, आणि खाली ‘मीटर्ड कनेक्शन’ असं बटण आहे, ते चालू करा. दोन्ही मशिनवर. मग बहुतेक अपडेट तुम्ही ‘डाउनलोड’ म्हणेपर्यंत थांबून राहतात.

आता आमच्याकडची एक युक्ती. दुकान बंद करताना दिवसाच्या दीड जीबीतलं काही ना काही उरलेलं असतं, आणि रात्री बारा वाजता ते वाया जाणारच असतं. त्या उरल्यासुरल्यावर अपडेट लावा. आज एक मशीन, उद्या दुसरं. मशीन चालू ठेवून जेवायला जा.

प्रिंटरबद्दल मात्र मला तुमच्याइतकाच राग आहे. मागे एका गिऱ्हाइकाच्या प्रिंटरची अशीच भलीमोठी फाईल माझ्याकडे आली. चालवली नाही, सेव्हन-झिप नावाच्या फुकट सॉफ्टवेअरनं नुसती उघडून बघितली. बाजारातून आणलेली पिशवी ओट्यावर ओतावी तसं. तिशीएक भाषांमधली मदत, फोटो सजवायचा कार्यक्रम, शाई मागवायचा कार्यक्रम, जुन्या धाटणीच्या 32 बिट विंडोजवाल्यांचं वेगळं, नव्या 64 बिटवाल्यांचं वेगळं. प्रिंटर खरंच चालवतो तो ड्रायव्हरचा फोल्डर? 18 एमबी. गिऱ्हाईक शेजारीच बसलं होतं, ते म्हणालं, “म्हणजे कोथिंबिरीच्या जुडीसाठी अख्खा भाजीवाला घरी आणला.”

तुलनेला एक सांगते. ऑगस्ट 2004 मध्ये विंडोज एक्सपीचा सर्व्हिस पॅक 2 आला. त्याचं पूर्ण पॅकेज 266 एमबीचं. त्यात अख्ख्या विंडोजची डागडुजी होती, आणि डायल-अपवर ते उतरवणं म्हणजे रात्रभर फोन अडकवून ठेवणं, म्हणून आम्ही सीडी एकमेकांच्या दुकानांतून फिरवायचो. आज एका प्रिंटरला त्याहून जास्त लागतं. आणि डेटा संपल्यावर तुमचं नेट 64 केबीपीएसवर येत असेल, तर 312 एमबीला जवळपास अकरा तास लागतील. गुणाकार करून बघा हवं तर.

ती 3 एमबीची फाईल नुसती चिठ्ठी असते. खरा माल ती मागाहून नेटवरून ओढते, आणि मध्येच नेट तुटलं की काही वेळा पहिल्यापासून. म्हणून साइटवर आधी मॉडेल नंबर घाला, विंडोज 10 की 11 ते निवडा, आणि यादी शेवटपर्यंत खाली सरकवा. सगळ्यात वर ठसठशीत ‘फुल सॉफ्टवेअर’ असतं. बारीक अक्षरात खाली कुठेतरी ‘बेसिक ड्रायव्हर’ किंवा ‘ड्रायव्हर ओन्ली’ बऱ्याच मॉडेलना मिळतं. तेच घ्या, आणि उतरवलेली फाईल पेनड्राइव्हवर ठेवा, प्रिंटरचं नाव लिहून. पुढच्या वेळी नेटच नको.

इन्स्टॉलरच्या खिडक्यांत घाई करायची नाही, पोरगा समोर उभा असला तरी. त्याला म्हणा, बाळा, दोन मिनिटं बस. ‘एक्स्प्रेस’ आणि ‘कस्टम’ असे दोन पर्याय असतील तर ‘कस्टम’. ‘रेकमेंडेड’ असं एक्स्प्रेसच्या शेजारी लिहिलेलं असतं, पण ती शिफारस कुणाच्या सोयीची हे तुम्हाला आता कळलंच आहे. आधीच बरोबरची खूण केलेले चौकोन दिसले की एकेक वाचून खूण काढून टाका. खातं उघडायला सांगितलं तर कोपऱ्यात फिकट राखाडी अक्षरात ‘स्किप’ शोधा. असतं बहुतेक, फक्त दिसू नये अशा बेतानं.

आणि विंडोज जेव्हा पडदा काळवंडून विचारतं, या प्रोग्रामला बदल करू द्यायचे का, तेव्हा ‘येस’ दाबण्याआधी पब्लिशरचं नाव वाचा. तिथे तुमच्या प्रिंटरच्या कंपनीचं नाव हवं. पिवळी पट्टी आणि ‘अननोन पब्लिशर’ दिसलं तर ‘नो’. त्या दिवशी काय दाबलं ते आठवत नाही म्हणता ना? सेटिंग्जमध्ये अ‍ॅप्सची यादी उघडा, तारखेप्रमाणे लावा, त्या बुधवारी काय काय घरात शिरलं ते समोर येईल. प्रिंटरचं सोडून बाकीचं काढून टाका.

प्रश्न : निवृत्त शिक्षिका आहे, नांदेडला राहते. पाच-सहा वर्षांपूर्वीचा लॅपटॉप ‘जागा अपुरी’ म्हणून अपडेट घेतच नाही. फोटो सगळे काढून टाकले तरी तेच. स्टोरेज 32 जीबी आहे. काय करू?

उत्तर : बाई, चूक तुमची नाही, फोटोंचीही नाही. विंडोजच 32 जीबीतली बरीचशी जागा अडवून बसतं, आणि मोठ्या अपडेटला उलगडायला आणखी मोकळी जागा लागते. विंडोज 11 ला तर किमान 64 जीबी लागतात, म्हणजे तो रस्ता बंद. विंडोज 10 चा नेहमीचा पाठिंबा, म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणं, 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. अशा लॅपटॉपचं स्टोरेज बहुधा बोर्डावरच चिकटवलेलं असतं, वाढवता येत नाही, तेव्हा कुणी ‘वाढवून देतो’ म्हणून पैसे मागितले तर आधी ‘कसं?’ असं विचारा.

बँकेचे व्यवहार त्यावर करू नका, ते फोनवर करा. लिहिण्या-वाचण्याला तो अजून चालेल. ओळखीतलं कुणी कॉम्प्युटर शिकलेलं पोर असेल तर त्याच्याकडून विंडोजच्या जागी चालणाऱ्या फुकटच्या लिनक्सचा एखादा हलका अवतार टाकून घ्या, लिहिणं-वाचणं-भजनं ऐकणं त्यावर छान होतं. फोटो काढून टाकले म्हणता, ते कायमचे पुसलेत की रिसायकल बिनमध्ये आहेत ते मात्र आजच बघा. तिथे असतील तर आधी पेनड्राइव्हवर घ्या.