वाचकांचे प्रश्न : आठ दिवसांची छावणी नोकरीत किती पुरते?

प्रश्न : माझा मुलगा सिव्हिल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. येत्या मे महिन्यात सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीला जायचे त्याने मनात घेतले आहे. त्याच्या वडिलांचे म्हणणे असे, की त्याच सुट्टीत ड्रॉइंगचा एखादा कॉम्प्युटर कोर्स केला तर पुढे नोकरीला उपयोग होईल. उन्हात माती उचलून काय मिळणार? मागे या सदरात आपण ओझरते लिहिले होते, की तरुणपणी आपण याच छावणीला गेला होता आणि ती आपल्याला नोकरीभर पुरली. नेमके काय पुरले, ते सविस्तर सांगाल का? — एक आई, जळगाव

उत्तर : ताई, आधी थोडी पार्श्वभूमी सांगतो. सोमनाथ हा चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल तालुक्यातला, बाबा आमटे यांनी १९६७ साली सुरू केलेला प्रकल्प आहे. वरोऱ्याजवळचे आनंदवन त्याआधीच उभे राहिलेले होते. कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या माणसांनी शेती करून स्वतःच्या पायांवर उभे राहावे आणि तरुणांनी त्यांच्या बरोबरीने राबून शिकावे, अशा श्रमिक विद्यापीठाची कल्पना बाबांनी सोमनाथला मांडली होती. मे महिन्यातली छावणी ही त्याच कल्पनेची शाखा. मी तिथे १९८४ च्या मे महिन्यात गेलो, तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो आणि आपल्या मुलाप्रमाणेच सिव्हिलचा विद्यार्थी होतो. खरे कारण सांगायचे तर बरोबरचे दोन मित्र निघाले होते आणि घरी बसून कंटाळा आला होता. मूल्यांचा विचार वगैरे काही डोक्यात नव्हता.

चंद्रपूरचे मे महिन्यातले ऊन आपल्याकडच्या उन्हाहून कमी नसते, त्यामुळे खोदाईचे काम उजाडण्याच्या सुमारास सुरू होई आणि ऊन चढले की थांबे. दुपारी गाणी, चर्चा, व्याख्याने असत. बाबांना पाठीच्या दुखण्यामुळे बसता येत नसे. ते उभे राहून किंवा खाटेवर आडवे होऊन बोलत. त्यांच्या बोलण्याने आम्ही भारावून जात असू, हे खरे. पण त्यातले आज मला शब्दशः फारसे आठवत नाही. लक्षात राहिली ती एक सकाळ.

त्या दिवशी आमच्या सहा जणांच्या गटाला बांधाच्या मातीसाठी एक खड्डा आखून दिला होता. शेजारी प्रकल्पातले एक वयस्कर गृहस्थ काम करीत होते. त्यांची बोटे आखडलेली होती आणि टिकावाचा दांडा त्यांनी चिंधीने तळहाताशी बांधून घेतला होता. आम्ही पहिल्या अर्ध्या तासात सपासप घाव घातले आणि वीतभर खाली गेल्यावर सगळेच धापा टाकू लागलो. ते म्हणाले, "बाबू, आवाज ऐक ना. आवाज बदलला म्हणजे मुरूम लागला. आता तसा घाव नको घालू, दम राख." मी ऐकू लागलो. वरच्या मऊ मातीत टिकाव बद्द वाजत होता, खाली कठीण मुरमात तो कण्ण वाजून हाताला झिणझिण्या आणत होता. तीन तासांनी प्रकल्पातल्या एका कार्यकर्त्याने टेप लावला. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, एक फूट खोल, म्हणजे शंभर घनफूट, जेमतेम एक ब्रास. सहा धडधाकट पोरांचे तीन तास आणि सगळ्यांच्या तळहातांना फोड, आणि हिशेबात ते एक ब्रास! आमच्या अंदाजपत्रकाच्या पुस्तकात 'कठीण मुरमातील खोदाई' ही एका ओळीची बाब होती, तिच्यापुढे दर छापलेला होता आणि ती ओळ मी परीक्षेत कितीदा तरी लिहिली होती.

आता नोकरीकडे येतो, कारण आपला प्रश्न तिथला आहे. १९८७ साली मी कनिष्ठ अभियंता म्हणून रुजू झालो आणि पहिली काही वर्षे रोजगार हमीच्या कामांवर होतो. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या या योजनेचा कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला, हे आपल्याला ठाऊक असेलच. पण मजुराच्या हातात पैसे कसे पडत, हे बाहेरच्या माणसाला सहसा माहीत नसते. मजुरी नुसत्या हजेरीवर मिळत नसे, कामाच्या मापावर मिळत असे. खड्ड्याचे माप, माती कोणत्या प्रकारची, ती किती लांब नेली आणि किती उंच चढवली, यावर हिशेब होई. हे सगळे ज्या मोजमाप पुस्तिकेत, म्हणजे आमच्या भाषेत एमबीमध्ये, लिहिले जाई, ती माझ्या हातात असे. मऊ माती लिहिली तर एक दर आणि कठीण मुरूम लिहिला तर दुसरा. एका शब्दाच्या फरकाने पाझर तलावावरच्या एखाद्या टोळीचा आठवड्याचा बाजार होई किंवा राही.

हे माप जीपजवळ उभे राहून मुकादमाच्या सांगण्यावरून घेण्याची रीत अनेक ठिकाणी होती. त्यात प्रत्येक वेळी लबाडीच असे असे नाही. कामे लांब लांब, ऊन भयंकर, आणि शनिवारच्या आत मस्टर, म्हणजे हजेरीपट, पुरे करायचे असे. मी मात्र खड्ड्यात उतरत असे आणि एखाद्या बाईच्या हातचा टिकाव मागून स्वतः चार घाव घालत असे. आवाज सांगत असे. बरोबरचे लोक मला हसत, एका वरिष्ठांनी तर मला 'टिकावसाहेब' असे नावच ठेवले होते, आणि ते फारसे प्रेमाने ठेवलेले नव्हते. एका कामावर मागची सगळी मापे मऊ मातीची आणि माझे माप कठीण मुरमाचे, असा फरक निघाला तेव्हा माझ्याकडे लेखी खुलासा मागितला गेला. खुलासा मान्य झाला, मजुरांना वाढीव दराने पैसे मिळाले आणि चार महिन्यांत माझी बदलीही झाली. या दोन गोष्टींचा संबंध होता की नाही, हे मी कधी विचारले नाही.

हे वाचून आपल्याला वाटेल, की छावणीने माणूस निर्दोष होतो. तसे नाही, म्हणून एक गोष्ट सांगायलाच हवी. एका आठवड्यात मला ताप होता आणि मुलीचे आजारपणही चालू होते. मी कामावर गेलो, पण जीपमधून उतरलो नाही आणि मुकादमाने सांगितलेले आकडे लिहून सही केली. पगारवाटपाच्या दिवशी एक म्हातारी नोटा हातात धरून माझ्यासमोर उभी राहिली. ती भांडली नाही. "साहेब, या येळी खाली आला नाईत का?" एवढेच तिने विचारले. पुढच्या आठवड्यात मी खड्डा पुन्हा मोजला, राहिलेले माप शोधून नव्या नोंदीत घेतले, आणि बहुतेकांचे पैसे भरून निघाले. पण मधल्या काळात काम सोडून गेलेल्या दोन कुटुंबांचे राहिले ते राहिलेच. ही गोष्ट मी आजवर दोन-तीन माणसांनाच सांगितली आहे.

घरातला परिणाम याहून गमतीदार आहे. छावणीहून परतल्यावर दोन महिने मी घरात सगळ्यांना श्रमाचे महत्त्व सांगत सुटलो होतो. आमच्याकडे तेव्हा नळाला पहाटे चारला पाणी येई. धाकटी बहीण एके दिवशी म्हणाली, "दादा, तू तिथे आठ दिवस माती वाहिलीस. आई इथे वीस वर्षे पाणी वाहते आहे. तिच्यासाठी कोणी छावणी भरवली?" मला राग आला, कारण उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवसापासून पहाटेच्या हंड्या-कळश्या मी भरू लागलो, आणि लग्नानंतर, पत्नी शिक्षिका असल्यामुळे तिची सकाळची शाळा असताना स्वयंपाकातली निम्मी कामे माझ्याकडे आली ती त्याच सवयीने. भाकरी मात्र मला अजूनही गोल जमत नाही. छावणीत स्त्री-पुरुष समतेवर एक चांगली चर्चा झाली होती, असे वहीत टिपलेले आहे. पण तिचा अर्थ मला शिकवला तो बहिणीने, हे नमूद करणे भाग आहे.

तेव्हा आपल्या प्रश्नाचे उत्तर असे. मुलाने स्वतः जायचे म्हटले आहे, तर त्याला जाऊ द्या. ड्रॉइंगचा कोर्स जूनमध्येही होईल, डिसेंबरमध्येही होईल. मात्र त्याचे वडील म्हणतात म्हणून त्याने थांबू नये, तसेच आपण म्हणता म्हणूनही त्याने जाऊ नये. माझ्या मुलीला मी एकदा फार आग्रह केला होता. ती गेली नाही, आणि आज ती तिच्या कामात माझ्यापेक्षा काटेकोर आहे. मुलगा परत आल्यावर दोन महिने उपदेश करील, तेवढे सोसा. सोबत जुने सुती कपडे, उपरणे आणि टोपी द्या. हातमोजे देऊ नका. दिलेत तरी पहिल्या दिवशी तो ते काढून ठेवील.

प्रश्न : मी ग्रामीण महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजनेचा कार्यक्रम अधिकारी आहे. आमची मुले प्रमाणपत्रासाठी येतात, सात दिवसांच्या शिबिरात शोषखड्डे खणतात, फोटो काढतात आणि जातात. यातून काही टिकते का? — एक प्राध्यापक, बीड जिल्हा

उत्तर : सर, सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांत आणि ४०,००० स्वयंसेवकांनिशी सुरू झाली, तेव्हापासून हा प्रश्न विचारला जात असावा. प्रमाणपत्रासाठी येण्यात मला वावगे वाटत नाही. मी कंटाळा आला म्हणून गेलो होतो. माझी तक्रार वेगळी आहे. आपण मुलांकडून दोन वर्षांत २४० तास भरून घेतो, पण त्या तासांत काय झाले हे मुले मोजत नाहीत. मीटरभर लांब, रुंद आणि खोल शोषखड्डा म्हणजे एक घनमीटर खोदाई. तो किती जणांनी किती वेळात खणला आणि तेच काम गावातल्या मजुराने केले असते तर त्याला किती पैसे मिळाले असते, हा हिशेब शिबिराच्या रात्री मुलांकडून फळ्यावर मांडून घ्या. आणि पावसाळा संपल्यावर तीच मुले, निदान त्यांतली पाच-सहा, त्याच गावात परत न्या. कोणता खड्डा पाणी जिरवतो आहे, कोणता गाळाने बुजला आहे आणि कोणावर घरमालकाने चूल मांडली आहे, हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहू द्या. बुजलेला खड्डा उपसायला लावा. फोटो तेव्हाही काढू द्या, माझी हरकत नाही.

प्रश्न : वय २६, पुण्यात आयटीत नोकरी. कॉलेजात अशा कोणत्याच शिबिराला गेलो नाही. आता उशीर झाला का? आणि गेलो तर नोकरी सोडावी लागेल का? — एक वाचक

उत्तर : उशीर झालेला नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या 'सर्च' संस्थेतून २००६ साली सुरू केलेला 'निर्माण' हा उपक्रम १८ ते २८ या वयाच्या तरुणांसाठीच आहे, आणि आपल्या शिक्षणाचे करायचे काय, हा त्यातला मुख्य प्रश्न असतो. तिथे एका शिबिरावर भागत नाही, पुन्हा पुन्हा जावे लागते, तेव्हा रजेचा हिशेब आधी करा. नोकरी सोडण्याबद्दल म्हणाल, तर माझ्या त्या छावणीतल्या गटातल्या सहांपैकी एकच जण पूर्णवेळ सामाजिक कामात गेला. मी छत्तीस वर्षे सरकारी नोकरी करून २०२३ मध्ये निवृत्त झालो आणि पेन्शन घेतो. आपल्या वयाची अट पाहता अर्ज मात्र याच वर्षी करा.