24 महिन्यांच्या उंदराची वाट बघ

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र परवा मिळालं, दोनदा वाचलं. हृदयाच्या म्हातारपणावर पीएचडी करायची आहे, पण उंदीर म्हातारे व्हायलाच दोन वर्षं जाणार आणि फेलोशिप पाच वर्षांची. लॅबमधले सगळे म्हणतात की दहा आठवड्यांच्या उंदराला डी-गॅलॅक्टोज ही साखर रोज टोचली की दोन-तीन महिन्यांत तो ‘म्हातारा’ होतो. मग कशाला थांबायचं, असं तू विचारतेस. माझं उत्तर आधीच सांगते: थांब. पण कारणं नीट सांगायला हवीत, कारण ही दोन वर्षं तुझी जाणार आहेत, माझी नाहीत.

डी-गॅलॅक्टोजने पेशींवर ऑक्सिडेशनचा ताण येतो, प्रथिनांना साखर चिकटते, हे खरं. म्हातारपणातही हे होतं, तेही खरं. पण नळ फुटला तर नव्या घराच्या भिंतीलाही ओल येते. त्या ओलीवरून शंभर वर्षांचा वाडा कसा खचतो ते कळत नाही.

म्हाताऱ्या हृदयात नेमकं काय अडतं ते आठव. आकुंचनाची ताकद बराच काळ टिकते, अडतं ते सैल होणं. ठोका झाल्यावर पेशीतलं कॅल्शियम पंपाने परत कोठारात ओढायचं असतं, तो सर्का नावाचा पंप मंदावतो. पेशींच्या मध्ये कोलॅजन हे चिवट तंतूंचं प्रथिन साठतं. टायटिन हे स्प्रिंगसारखं प्रथिन ताठर होऊ शकतं. म्हणून एखाद्या आजींच्या इको म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या रिपोर्टात ईएफ, म्हणजे एका ठोक्यात बाहेर फेकल्या जाणाऱ्या रक्ताचा वाटा, 60 टक्के असतो, घरचे म्हणतात ‘हार्ट चांगलं आहे’, आणि आजी एक मजला चढताना तीनदा थांबतात. ईएफ शाबूत असलेलं हे हार्ट फेल्युअर वयस्कांमध्ये जास्त दिसतं, बायकांमध्ये तर विशेष. म्हणून तुझ्या गटात माद्या घे. ‘हार्मोनमुळे आकडे हलतात’ हे कारण कोणी सांगितलं तर ऐकून घे आणि तरीही घे.

आता मुख्य मुद्दा. 2009 मध्ये स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमधल्या गटाने हृदयाच्या स्नायुपेशींचं वय मोजलं, आणि ते कसं मोजलं हे वाचताना मला भरून आलं होतं. 1963 च्या अणुचाचणी-बंदी करारापर्यंत मोठी राष्ट्रं उघड्यावर अणुचाचण्या करत होती. हवेत कार्बन-14 हा किरणोत्सारी कार्बन वाढला, तिथून तो झाडांत गेला, मग अन्नात, मग माणसाच्या डीएनएत. करारानंतर हवेतलं प्रमाण वर्षागणिक उतरत गेलं. पेशी ज्या वर्षी जन्मली त्या वर्षीची हवा तिच्या डीएनएत नोंदलेली राहिली. त्यावरून हिशेब निघाला की 25 व्या वर्षी साधारण एक टक्का स्नायुपेशी वर्षाला नव्या येतात, 75 व्या वर्षी 0.45 टक्के. म्हणजे आयुष्यभरात निम्म्याही बदलत नाहीत. तुझ्या आजीच्या हृदयातल्या बहुतेक स्नायुपेशी तिच्या लहानपणापासून ठोके देत आहेत, दिवसाला सुमारे एक लाख. इतक्या जुन्या पेशीवर काळाने जे केलं ते दोन महिन्यांच्या इंजेक्शनने कसं होईल, तूच सांग.

शिवाय वय फक्त हृदयात नसतं. वय वाढतं तसे अस्थिमज्जेतल्या, रक्त तयार करणाऱ्या मूळपेशींत जनुकीय बदल साठतात आणि बदललेल्या एकाच पेशीची प्रजा रक्तात वाढत जाते. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासांत सत्तरीच्या पुढच्या दहापैकी एकापेक्षा जास्त लोकांत असं रक्त सापडलं. या लोकांना कॅन्सर झालेलाच असतो असं नाही, पण हृदयविकाराचा धोका वाढलेला असतो. 2017 मध्ये उंदरांवर दाखवलं गेलं की टेट2 जनुक बिघडलेल्या पांढऱ्या पेशी जास्त दाह पेटवतात आणि धमनीतला चरबीचा थर जाड करतात. हृदयाच्या आजाराची एक मुळी हाडाच्या पोकळीत निघाली! दहा आठवड्यांच्या उंदरात ही गोष्ट तू शोधायला गेलीस तरी सापडणार नाही, ती घडायलाच आयुष्य लागतं.

आता माझी चूक सांगते, ती तुझ्या उपयोगाची आहे. माझ्या पीएचडीत मी म्हाताऱ्या रॅटच्या हृदयातून सुट्या पेशी काढत होते. लँगेनडॉर्फवर, म्हणजे सुट्या हृदयातून द्रावण वाहतं ठेवणाऱ्या उपकरणावर, हृदय टांगायचं, कॅल्शियम नसलेलं द्रावण सोडायचं, मग कोलॅजिनेज हे कोलॅजन तोडणारं एन्झाइम. हृदय हळूहळू फिकं आणि ढिलं पडतं, चिमट्यात धरल्यावर भिजलेल्या पावासारखं लागतं. तो क्षण चुकला की सगळं गेलं. मग कॅल्शियम परत द्यायचं, तेही टप्प्याटप्प्याने, घाई केली की पेशी डोळ्यांदेखत आखडून गोल होतात. जिवंत पेशी लांबट विटेसारखी, तिच्यावर बारीक आडव्या रेघा. मेलेली म्हणजे नुसता गोळा. तरुण हृदयातून शंभरातल्या सत्तर-ऐंशी विटा मिळायच्या, म्हाताऱ्यातून तीस. मी त्या तीस पेशींचं आकुंचन-शिथिलीकरण मोजलं आणि खुशीत लिहून टाकलं की म्हाताऱ्या पेशी तरुणांच्या जवळपासच आहेत. लॅबमधल्या एका ज्येष्ठ बाईंनी वही उलटली आणि विचारलं, ‘‘बाकीच्या सत्तर कुठे गेल्या?’’

मी कणखर पेशी मोजत होते. ज्या खरोखर म्हाताऱ्या होत्या त्या एन्झाइमलाच टिकल्या नाहीत. सात महिन्यांचं काम नव्याने करावं लागलं, अखंड स्नायूच्या पट्ट्यांवर. तेव्हापासून कुठलाही निबंध वाचताना मी आधी पेशी किती काढल्या नि किती टिकल्या ते बघते. तूही बघ.

हीच गोष्ट उंदरांनाही लागू आहे. 24 महिन्यांना पोचलेला उंदीर हा वाचलेला उंदीर असतो. तीस हवे असतील तर पंचेचाळीस ठेव. मध्ये मेलेल्या प्रत्येकाचं शवविच्छेदन कर, तारीख नि वजन लिही. सी57 ब्लॅक 6 या प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या उंदरांच्या जातीत म्हातारपणी लिम्फोमा हा कॅन्सर बराच होतो. प्लीहा सुजलेला उंदीर गटात ठेवायचा की नाही, हा नियम पहिल्या दिवशी लिहून ठेव, आकडे बघितल्यावर नाही. आणि या जातीची उपजात ‘जे’ की ‘एन’ ते खोक्यावर वाचून घे. ‘जे’मध्ये मायटोकाँड्रियातलं, ऑक्सिडेशनचा ताण सांभाळणारं एनएनटी हे एन्झाइम निकामी असतं, अर्धे ‘जे’ आणि अर्धे ‘एन’ असा घोळ झाला तर तुझा सगळा ऑक्सिडेशनचा भाग वाया. कोलॅजिनेजचा लॉट चांगला लागला तर त्याच लॉटच्या बाटल्या घेऊन फ्रीझरमध्ये टाक.

प्रथिन ओळखायला नि मोजायला तू जी अँटिबॉडी वापरशील, तिच्याबद्दल एकच सांगते. 2013 मध्ये बातमी गाजली की तरुण उंदराच्या रक्तातलं जीडीएफ11 हे प्रथिन म्हाताऱ्या हृदयाची जाडी उतरवतं. 2015 मध्ये दुसऱ्या गटाने दाखवलं की मोजमापाला वापरलेली अँटिबॉडी मायोस्टॅटिन या त्याच्यासारख्याच दुसऱ्या प्रथिनालाही चिकटते, आणि आणखी एका गटाला हृदयावरचा परिणामच मिळाला नाही. त्यात किती लोकांची किती वर्षं गेली! तुझी अँटिबॉडी आधी तपास.

गाइडशी भांडू नकोस. त्यांना फेलोशिपची काळजी आहे आणि ती खोटी नाही. त्यांच्यापुढे असं मांड: जनावरं पहिल्या महिन्यातच मागवू, आणि त्याच उंदरांचा इको 3, 6, 12, 18 आणि 24 महिन्यांना करू. प्रत्येक वेळी भूल तेवढीच, हृदयाची गती तेवढीच. 12 महिन्यांना पहिला निबंध लिहिण्याइतकं हातात येईल. एथिक्स कमिटीचा अर्ज मात्र आजच लिहायला घे, त्याला वेळ लागतो.

आणि मधल्या काळात माणसांकडे जा. हृदयस्नायूचं एक प्रथिन बनवणाऱ्या एमवायबीपीसी3 जनुकातली डीएनएची 25 अक्षरं गळालेली असतात, त्या तुटीबद्दल मी तुम्हाला एमएस्सीला शिकवलं होतं. 2009 मध्ये भारतीय संशोधकांनी ती हार्ट फेल्युअरशी जोडून दाखवली. दक्षिण आशियातल्या सुमारे चार टक्के लोकांत ती आहे, म्हणजे एसटीच्या भरलेल्या गाडीत दोघे. तरुणपणी बहुतेकांना काही होत नाही, वय झाल्यावर काहींचं हृदय ढासळतं. कोणाचं आणि का? हा प्रश्न म्हातारपणाचा आहे, आणि तो आपल्या ओपीडीत बाकावर बसलेला आहे. शेजारच्या मेडिकल कॉलेजच्या कार्डिऑलॉजीत आठवड्यातून एक सकाळ बसायची परवानगी काढ.

या पत्रासोबत माझी जुनी स्लाइडपेटी पाठवते आहे. तिसऱ्या खाचेत शवविच्छेदनातलं हृदय आहे, लेबलवर फक्त ‘81’ लिहिलंय, ते वय. 40 च्या लेन्सखाली केंद्रकाच्या दोन्ही टोकांना बघ, पिवळसर तपकिरी दाणे दिसतील. ते लिपोफ्युसिन, पेशीला ना पचवता आलेलं, ना बाहेर टाकता आलेलं. त्याच्या शेजारच्या खाचेत 19 वर्षांचं हृदय आहे, अपघातातलं. दोन्ही बघून झाल्यावर मला फोन कर. संध्याकाळी सातनंतर मी घरीच असते.

तुझ्या बाई