डॅशबोर्डवर उणे ४० दिसतंय?
भर मे महिन्यात बाहेरचं तापमान उणे ४० दिसत असेल, तर लगेच नवा सेन्सर मागवू नकोस. बहुतेक वेळा वायर तुटलेली किंवा कनेक्टर निघालेला असतो. सेन्सर बहुधा पुढच्या बंपरमागे असतो, काही गाड्यांत बाजूच्या आरशात. नुकतंच बंपरचं काम झालं असेल तर कनेक्टर लावायचाच राहिला असेल, आधी तेच बघ. पिना हिरवट पडल्या असतील तर कॉन्टॅक्ट क्लीनर मार. मग सेन्सर सोडवून मल्टिमीटर ओहमवर (विजेचा रोध मोजायच्या सेटिंगवर) लाव आणि सेन्सर मुठीत धर. ऊब लागली की आकडा उतरायला हवा. ढिम्म राहिला तरच बदल. एसीचा कॉम्प्रेसरही कधीकधी यामुळेच रुसतो, बाहेर गारठा आहे असं गाडीला वाटतं ना! ट्रॅफिकमध्ये मात्र चार-पाच अंश जास्त दिसले तर तो बिघाड नव्हे, इंजिनाची धग.