नागिओस की झॅबिक्स? आणि साहेब म्हणतात तसं नुसतं पिंग पुरेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: संस्थेच्या सात-आठ शाखा आहेत, मुख्य कार्यालयात एक उबंटू सर्व्हर मोकळा आहे, त्यावर नेटवर्क मॉनिटरिंगची (कोणतं उपकरण चालू, कोणतं बंद यावर नजर ठेवणारी) सर्व्हिस बसवायची आहे. नागिओस घ्यावं की झॅबिक्स, रॅम किती लागेल, आणि 'पाच मिनिटांनी पिंग करणारी (म्हणजे उपकरणाला हाक मारून उत्तर येतं का बघणारी) स्क्रिप्ट आहे ना, तेवढी पुरे' असं तुमचे साहेब म्हणतात ते बरोबर का.

पहिल्या दोन गोष्टी लगेच सांगतो. झॅबिक्स घ्या. ७.० घ्या, ती एलटीएस, म्हणजे बरीच वर्षं दुरुस्त्या मिळत राहणारी आवृत्ती आहे. डेटाबेस पोस्टग्रेस ठेवा. एवढ्या पसाऱ्याला ४ जीबी रॅम भरपूर झाली. नागिओस वाईट नाही, १९९९ पासून चाललंय (तेव्हा त्याचं नाव नेटसेंट होतं), पण प्रत्येक स्विचसाठी (नेटवर्कच्या वायरी एकत्र जोडणारा डबा) हाताने कॉन्फिग फाइल लिहायची आणि आलेख हवा असेल तर वरून वेगळं काही जोडायचं, हा खटाटोप आज नव्याने सुरू करणाऱ्याने करू नये.

लिहायला बसलोय ते तुमच्या साहेबांच्या वाक्यामुळे. हेच वाक्य मी माझ्या साहेबांकडून ऐकलंय आणि त्यापायी एका गरीब पोराला मेमो मिळालेला पाहिलाय.

मी तेव्हा रावेर-यावल पट्ट्यात केळीचा व्यापार करणाऱ्या एका संस्थेचं नेटवर्क बघायचो. तापीकाठच्या एका गावात आमचं संकलन केंद्र होतं. कार्यालयाच्या गच्चीवरून ते थेट दिसत नव्हतं, म्हणून मध्ये एका शेतकऱ्याच्या विहिरीवरच्या खोलीवर पाइप उभा करून रिले, म्हणजे सिग्नल पुढे पोचवणारा मधला टप्पा, लावला होता. वर दोन रेडिओ (बिनतारी नेटवर्क जोडणारी यंत्रं), खाली पत्र्याच्या डब्यात त्यांचे ॲडॉप्टर. काट्यावरची वजनपावती कार्यालयातल्या सर्व्हरवरून निघायची. लिंक तुटली की सॉफ्टवेअर मधेच अडकायचं, आणि पुन्हा लॉगिन होऊन पावती हातात येईपर्यंत ट्रॅक्टरांची रांग लागायची. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या वर जातो. तसल्या उन्हात कापलेला माल ट्रॉलीत पडून राहिला की काळा पडतो, व्यापारी भाव पाडतो, आणि शिव्या खातो तो काट्यावर बसलेला पोरगा.

बरं, लिंक तुटायची वेळही ठरलेली नव्हती. काही दिवस सकाळी तुटायची, मग काही दिवस सकाळ सुरळीत आणि रात्री गाड्या भरताना बोंब.

साहेबांकडे पिंगची स्क्रिप्ट होती, दर पाच मिनिटांची. आता रेडिओ बंद पडून पुन्हा उभा राहायला लागतात साधारण दोन मिनिटं. एक पिंग आणि पुढचं पिंग यांच्या मधल्या वेळात सगळं उरकून जायचं, आणि साहेबांच्या कागदावर केंद्र महिनाभर हिरवंगार. कधी एखादं पिंग चुकलंच तर निदान तयार होतं: पोरगा मोबाइल चार्ज करायला प्लग काढतो. त्याला मेमो दिला, लेखी खुलासा मागितला. तो माझ्याकडे आला आणि एवढंच म्हणाला, "मी तं हातबी नाही लावला, भाऊ."

मी एका जुन्या डेस्कटॉपवर झॅबिक्स टाकलं. केंद्रावरचा रेडिओ, केंद्रावरचा स्विच आणि रिलेवरचे दोन्ही रेडिओ, सगळ्यांवर एसएनएमपी (उपकरणांना त्यांची स्थिती विचारायची ठरलेली पद्धत) सुरू केलं आणि दर तीस सेकंदांनी एकच गोष्ट विचारायला लावली: तू किती वेळापासून चालू आहेस? एसएनएमपीत याला सिसअपटाइम म्हणतात. त्याचा आलेख कुणालाही वाचता येतो. उपकरण चालू आहे तोवर रेघ तिरकी वर चढत जाते, बंद होऊन चालू झालं की सरळ शून्यावर येते. केंद्रावरच्या दोन्ही रेघा अखंड वर चढत गेल्या. रिलेवरच्या दोन्ही मात्र करवतीच्या दात्यांसारख्या.

म्हणजे केंद्रावरचा प्लग कुणी काढतच नव्हतं. त्या पोराच्या बाजूचं एकही उपकरण एकदाही बंद झालं नव्हतं. पडत होता तो शेतातला रिले, आणि तिथे दिवसदिवस माणूस फिरकत नव्हता.

रिले का पडतो याचा उलगडा विहिरीच्या मालकाने केला. मी दात्यांच्या वेळा कागदावर उतरवून नेल्या होत्या. त्यांनी कागद बघितला आणि मोबाइलवरचा वायरमनचा मेसेज पुढे केला. शेतीच्या फीडरचं वेळापत्रक! काही दिवस थ्री फेज दिवसा, काही दिवस रात्री, उरलेल्या वेळात सिंगल फेज. पाळी बदलताना लाईट क्षणभर जाते. आणि थ्री फेज आली की शिवारातल्या ऑटोवर ठेवलेल्या सगळ्या मोटारी एकदम उचलतात, तेव्हा पुन्हा एक झटका. आमचा रिले त्याच लाईनवर होता. मेसेजमधल्या वेळा आणि माझ्या कागदावरच्या वेळा जुळल्या, आठवड्याच्या अदलाबदलीसकट.

दोन १२ व्होल्टच्या बॅटऱ्या एकामागे एक जोडून २४ व्होल्ट केले, चार्जर लावला आणि रेडिओ थेट बॅटरीवर घेतले. दाते गेले. साहेब तोवर नवे रेडिओ घ्यायला निघाले होते, तो खर्चही वाचला. मी त्यांच्यापुढे आलेख आणि वेळापत्रक शेजारी शेजारी ठेवलं. "बरं, जमलं ना आता," म्हणाले. मेमो मागे घ्या म्हटलं, तर म्हणाले दिलेला मेमो मागे घ्यायची पद्धत नाही. पुढे पगारवाढीच्या वेळी तोच मेमो त्या पोराच्या आड आला. हे मला आजही खुपतं, आणि तुमच्या साहेबांना हे वाचून दाखवलंत तरी माझी हरकत नाही.

पिंग हे १९८३ मध्ये माइक मूस यांनी लिहिलं ते एका नेटवर्कातला बिघाड हुडकण्यासाठी. हुडकणाऱ्या माणसाने समोर बसून चालवायचं ते हत्यार आहे. त्या क्षणी त्या पत्त्यावरून उत्तर आलं का आणि किती वेळात आलं, याच्यापलीकडे ते काही सांगत नाही. पाच मिनिटांनी एकदा पिंग करून त्यावर माणसांच्या नोकरीचे निकाल लावणं हा सरळ अन्याय आहे.

तेव्हा झॅबिक्स बसवलंत की पहिल्याच दिवशी अपटाइम सुरू करा. त्यांच्या तयार एसएनएमपी टेम्प्लेटमध्ये (उपकरणाला काय काय विचारायचं याचा तयार साचा) 'उपकरण रीस्टार्ट झालं' असा ट्रिगर, म्हणजे इशारा देणारा नियम, असतोच. लोक कटकट नको म्हणून तो बंद करून ठेवतात. तुम्ही करू नका, सगळ्यात खरं बोलणारा ट्रिगर तोच आहे. फक्त एवढं लक्षात ठेवा की हा आकडा सेकंदाच्या शंभराव्या भागात आणि ३२ बिटांत मोजला जातो, त्यामुळे साधारण ४९७ दिवसांनी तो आपोआप शून्यावर येतो. वर्ष-दीड वर्ष अखंड चाललेला स्विच अचानक 'रीस्टार्ट' दाखवू लागला तर आधी हे तपासा.

इतिहास किती दिवस ठेवायचा ते डिफॉल्टवर सोडू नका. कच्चे आकडे निदान ९० दिवस ठेवा. त्यानंतर जे ट्रेंड उरतात त्यात तासाचं किमान, सरासरी आणि कमाल एवढंच असतं, नेमकं मिनिट हरवतं. खुलासा मागणारा माणूस दोन महिन्यांनी मागतो आणि तेव्हा मिनिटच लागतं. घड्याळाचंही तसंच. सर्व्हरवर एनटीपी (घड्याळ नेटवर्कवरून बरोबर ठेवणारी सोय) चालू नसेल तर तुमच्या वेळा वायरमनच्या वेळांशी कधीच जुळणार नाहीत आणि पुरावा म्हणून कुणी मानणारही नाही.

शाखांच्या ट्रिगरना डिपेंडन्सी लावा, म्हणजे मधला रिले पडला की त्याचंच नाव येईल, पलीकडच्या शाखेवर खापर फुटणार नाही. ट्रॅफिक मोजताना ६४ बिटांचे काउंटर (लाइनवरून किती डेटा गेला ते मोजणारे आकडे) घ्या. १ गिगाबिटच्या भरलेल्या लाइनवर ३२ बिटांचा काउंटर ३४ सेकंदांत पूर्ण फिरून येतो आणि आलेख धादांत खोटा निघतो. एसएनएमपीच्या पहिल्या आवृत्तीत ६४ बिट नाहीतच, म्हणून २सी किंवा ३ वापरा. कम्युनिटीचं (२सी मधल्या पासवर्डवजा शब्दाचं) नाव 'पब्लिक' ठेवू नका, यूडीपी १६१ हा एसएनएमपीचा पोर्ट फक्त मॉनिटरिंग सर्व्हरच्या पत्त्याला उघडं ठेवा, आणि झॅबिक्सचा सुरुवातीचा पासवर्ड त्याच दिवशी बदला. तो सगळ्या जगाला पाठ आहे.

अलर्ट नुसता टेलिग्रामवर ठेवलात तर कार्यालयाची इंटरनेट लाइन गेली की तोही गेला. सर्व्हरला सिमकार्डाचा डोंगल लावून एसएमएसची सोय ठेवा. मॉनिटरिंगच्या सर्व्हरला स्वतःचा यूपीएस हवा, आणि तो सर्व्हर जिवंत आहे की नाही हे बाहेरून कुणीतरी तपासायला हवं.

आता थोडं उलटं बोलतो. तुमच्याकडे नागिओस मुरलेला माणूस आधीपासून असेल तर माझं ऐकून झॅबिक्सकडे जाऊ नका. येणारं साधन न येणाऱ्यापेक्षा बरं. स्वस्तातल्या काही रेडिओंवर एसएनएमपी मुद्दाम चालू करावं लागतं, काहींवर तिसरी आवृत्ती मिळतच नाही. तिथे २सी वापरा, पण मॅनेजमेंटचं व्हीलॅन (त्याच वायरींवरचं वेगळं आतलं नेटवर्क) वेगळं करून. आणि प्रत्येक बिघाड लाइटीचाच असतो असंही नाही. आमच्याकडे रस्त्याच्या कामात जेसीबीने फायबर तोडण्याचे प्रकार काही कमी झालेले नाहीत, त्यात अपटाइम काही सांगत नाही, इंटरफेसची, म्हणजे त्या लाइनच्या पोर्टची, स्थिती बघावी लागते. पिंगही काढून टाकू नका. दर मिनिटाला चालू द्या, उशीर आणि गळती मोजायला ते लागतंच.

शाखांचे रेडिओ आणि स्विच कोणत्या मॉडेलचे आहेत ते खाली लिहा. कोणतं टेम्प्लेट लावायचं ते सांगतो. आणि सध्या कुणा शाखेवाल्याला खुलासा मागितला असेल, तर आकडे हातात येईपर्यंत तो थांबवा.