तापोळ्याच्या तराफ्यावरून छायाचित्रे काढताना

कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात तापोळ्याच्या तराफ्यावर, म्हणजे गाड्या पलीकडे नेणाऱ्या सपाट बोटीवर, प्रथमच जाणार असाल, तर गाडी चढवून हँडब्रेक लावल्यावर खाली उतरावे आणि पहिली फेरी कॅमेरा पिशवीतच ठेवून केवळ पाहण्यात घालवावी, असे मला मनापासून वाटते. इंजिनाची थरथर लोखंडी कठड्यातून थेट हातात उतरते. म्हणून कोपर टेकवू नये, तिपाई तर नकोच, आणि शटरचा वेग १/५०० सेकंदाच्या खाली आणू नये. उन्हाळ्यात पाणी ओसरले की काठाची तांबडी माती उघडी पडते व गाड्या उतरवण्याची जागाही खाली सरकते. खरे चित्र तिथेच मिळते: तराफ्याचा रॅम्प, म्हणजे गाड्या उतरवण्याची उतरती फळी, काठाला टेकतो आणि ओल्या मातीत चाकाची पहिली खूण उमटते. मात्र त्या वेळी वाट अडवू नका. नावाड्याचे छायाचित्रही त्याला विचारूनच घ्या.