‘संबंधितांनी नोंद घ्यावी’

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "काका, एमए करून मी काय करायलेय, तर पुढच्या आठवड्यातले कार्यक्रम आणि कर्मचाऱ्यांच्या सूचना एका कागदावर उतरवून विद्यापीठाच्या विभागांना पाठवायलेय." मी हसलो. फोन ठेवल्यावर वाटलं, हसायला नको होतं. विद्यापीठाच्याच कचेरीत आस्थापना, परीक्षा, सामान्य प्रशासन अशा टेबलांवर माझी तीस वर्षं गेली आणि त्या काळात माझ्या हातून झालेली सगळ्यात मोठी चूक याच कामातली आहे. ती तुला कधी सांगितली नाही. आज लिहितो.

नोकरीचं दुसरं-तिसरं वर्ष असेल. बहिःस्थ, म्हणजे कॉलेजात न जाता बाहेरून परीक्षेला बसणाऱ्या विद्यार्थ्यांच्या कागदपत्रांची पडताळणी होती. स्टेन्सिल मी कापली, सायक्लोस्टाईल मी काढलं, जावक क्रमांकही मीच टाकला. तारीख बरोबर होती, वार चुकला. मंगळवारच्या तारखेपुढे सोमवार. अधीक्षकांनी वरवर पाहून सही केली आणि कागद सगळ्या जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांना गेला.

सोमवारी सकाळी शिपाई मामा आत आले. "बाबू, लोकं यायलीत. काय सांगू?" मी मान वर न करता म्हणालो, "उद्या या म्हणा." पुढे उभी होती एक मुलगी आणि तिचे वडील. वडिलांच्या खांद्यावर भाकरीचं गाठोडं, मुलीच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात टीसी आणि गुणपत्रिका. वडील चिडले नाहीत. त्यांनी खिशातून वहीचं एक पान काढलं. कॉलेजच्या फलकावरची सूचना मुलीने त्यावर उतरवून घेतली होती, अगदी आमच्या जावक क्रमांकासकट. "यात सोमवारच लिव्हलंय जी," एवढंच ते म्हणाले. मी पान पाहिलं आणि म्हणालो, "तारीख बघा ना, उद्याची आहे."

तासाभराने आमच्या कक्षाधिकाऱ्यांना कळलं. ते मोठ्याने बोलत नसत. "चूक आपली आणि मुक्काम त्यांना का?" म्हणाले आणि बाहेर टेबल टाकून स्वतः पडताळणीला बसले. सोमवारी जे जे आले होते, त्यांचं काम सोमवारीच झालं. ते दोघे मात्र तोवर निघून गेले होते. मामा सायकलवर टांग टाकून बसस्टँडपर्यंत जाऊन आले, सापडले नाहीत. मंगळवारीही ते आले नाहीत. यादीत त्या मुलीच्या नावापुढे ‘गैरहजर’ असं लिहिलेलं आहे, अक्षर माझं. साहेबांनी आणखी एक तारीख दिली, मी पोस्टकार्ड टाकलं. ती आली नाही.

म्हणून तुला पहिलं सांगणं: सूचना लिहिताना समोर कुलगुरूंना धरू नकोस. त्यांना कार्यक्रम आधीच माहीत असतो. आपल्या मराठवाड्यातल्या दोन्ही मोठ्या विद्यापीठांकडे चार-चार जिल्हे आहेत. तिकडे छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिव आणि इकडे नांदेड, परभणी, हिंगोली, लातूर. यातल्या कुठल्यातरी वाडीवरून पहाटेची एसटी धरून, मजुरीचा दिवस बुडवून येणारं माणूस ती सूचना वाचणार आहे, असं धरून लिही. वार लिहिला की कॅलेंडर उघडून तपास. वेळ लिहिताना ‘सकाळी’ की ‘दुपारी’ ते लिही. जागा लिहिताना नुसतं ‘सभागृहात’ लिहू नकोस. आवारात चार सभागृहं आहेत आणि बाहेरून आलेल्याला त्यांतलं एकही ठाऊक नसतं. ‘उद्या’ आणि ‘आज’ हे दोन शब्द सूचनेत कधी येऊ देऊ नकोस. कागद महिनाभर फलकावर राहतो आणि रोज नव्या माणसाला उद्या बोलावतो.

आणि तो शब्द, ‘संबंधित’. आपल्या कचेऱ्यांतला सगळ्यात लाडका. ‘संबंधितांनी नोंद घ्यावी.’ वाचणाऱ्या प्रत्येकाला वाटतं, संबंधित म्हणजे शेजारच्या टेबलावरचा. कोणी नोंद घेतली नाही म्हणून नंतर ज्याला धरायचं, तो संबंधित! त्यापेक्षा सरळ लिही: ज्यांची वैद्यकीय देयकं प्रलंबित आहेत त्यांनी, ज्यांनी अजून मत्ता व दायित्वाचं विवरणपत्र दिलेलं नाही त्यांनी. वाक्य लांबतं, लांबू दे. वरचे साहेब कदाचित ‘कार्यालयीन भाषा वापरा’ म्हणून खोडतील. एकदा खोडू दे. पुन्हा तसंच लिही.

आता कार्यक्रमांचं. तुझ्याकडे वर्षभराच्या दिवसांची यादी आलीच असेल. योग दिन, वाचन प्रेरणा दिन, संविधान दिन, २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन, २८ फेब्रुवारीचा विज्ञान दिन. इंद्रधनुष्य युवक महोत्सव, आविष्कार संशोधन स्पर्धा, अश्वमेध क्रीडा महोत्सव यांची पत्रं राज्यभर फिरत येतात, त्यांच्या तारखा वरून ठरतात, आपण फक्त पोचवायच्या. यांत फार डोकं घालवू नकोस. पण काही दिवस आपल्या भागाचे आहेत. त्यांची सूचना लिहिताना शब्द जपून वापर.

१७ सप्टेंबर घे. देश १५ ऑगस्ट १९४७ ला स्वतंत्र झाला आणि आपण तेरा महिने निजामाच्या अमलाखालीच राहिलो. १९४८ च्या १७ सप्टेंबरला हैदराबाद संस्थान शरण आलं तेव्हा सुटलो. पुण्या-मुंबईहून बदलून आलेल्या एखाद्या अधिकाऱ्याला हा दिवस ‘स्थानिक सुट्टी’ वाटतो. तुझ्या सूचनेत तो ‘मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन’ असा पूर्ण लिहिलेला हवा. नांदेडच्या विद्यापीठाला तर या लढ्याच्या नेत्याचं, स्वामी रामानंद तीर्थांचंच नाव आहे आणि त्याची स्थापनाही १९९४ च्या १७ सप्टेंबरचीच. त्यांच्याकडे एका दिवसात दोन कार्यक्रम बसवावे लागतात. ध्वजारोहणाच्या सूचनेत एक गोष्ट नेहमी राहून जाते. सकाळी कोण कुठे उभं राहणार हे सगळं येतं, पण सूर्यास्ताला ध्वज उतरवायला कोण थांबणार हे येत नाही. मग संध्याकाळी सुरक्षारक्षक एकमेकांना फोन करत बसतात. नाव लिही. नावानिशी लिही.

दुसरा दिवस १४ जानेवारी. संभाजीनगरचं विद्यापीठ १९५८ च्या २३ ऑगस्टला सुरू झालं, उद्घाटनाला पंडित नेहरू आले होते, तेव्हा नाव होतं मराठवाडा विद्यापीठ. बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात १९७८ च्या जुलैत झाला आणि ते नाव प्रत्यक्ष लागलं १९९४ च्या १४ जानेवारीला. मधल्या साडेपंधरा वर्षांत किती घरं जळली, किती माणसं गेली, हे तुझ्या पिढीने निदान ऐकून तरी असावं. मूळ मागणी होती ती नामांतराची, मिळाला तो नामविस्तार. ‘मराठवाडा’ शब्द राहिला, त्याच्याआधी बाबासाहेबांचं नाव आलं. म्हणून चळवळीला ‘नामांतर’ म्हणतात आणि दिवसाला ‘नामविस्तार दिन’. घाईत एकाच्या जागी दुसरा शब्द टाकणारे मी पाहिलेत. त्या दिवशी विद्यापीठाच्या गेटला माथा टेकायला लोक गावोगावाहून येतात. तुझ्या कागदावरचा शब्द ते वाचतात आणि लक्षातही ठेवतात.

गावांच्या नावांचंही असंच. २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव. नव्या सूचनेत नवं नाव जाईल. जुन्या सेवापुस्तकात, जुन्या पदवीवर जे नाव आहे ते मात्र तसंच राहू दे. एका उत्साही मुलाने जुन्या नोंदीवर व्हाइटनर लावून शहराचं नाव बदललं होतं. खाडाखोड झालेला कागद पुढे कोणी मान्य करेना. त्याच्या उत्साहापायी एका निवृत्त माणसाला सहा महिने हेलपाटे पडले.

कर्मचाऱ्यांच्या सूचनांत सगळ्यात जास्त जीव असतो, आणि आपण त्या सगळ्यात कोरड्या लिहितो. आपल्याकडे पन्नाशी ओलांडलेल्या कुणालाही जन्मतारीख विचार. दहातले चार-पाच एक जून नाहीतर एक जुलै सांगतील. शाळेत घालताना आईला आठवायचं, ‘दुष्काळाच्या साली, पेरणीच्या सुमाराला.’ गुरुजींनी लिहिलं एक जून. एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. त्यामुळे आपल्याकडे ३१ मे म्हणजे निरोपसमारंभांची लग्नसराई. एका सभागृहात दुपारी चार सत्कार, शाली-श्रीफळांची गर्दी, आणि भर उन्हात बाहेर ताटकळणारे सोयरे. तू मार्चमध्येच यादी काढ आणि विभागांना वेळा वाटून दे. निवृत्तीचं वय चतुर्थ श्रेणीला साठ, बाकीच्या शिक्षकेतरांना अठ्ठावन्न, हेही एकदा तपासून घे. शिपाई मामांना दोन वर्षं आधीच शुभेच्छा दिलेल्या मी पाहिल्यात. ते हसून म्हणाले, "चला, पेढे तर मिळाले."

एक जुलैवाल्यांची गंमत नव्हती. वेतनवाढीची तारीख १ जुलै, आणि हे ३० जूनला घरी. वर्षभर काम करून वाढ एका दिवसाने हुकायची. लोक कोर्टात गेले आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा निवृत्तांना वाढ देय असल्याचं सांगितलं. असा निकाल किंवा शासन निर्णय आला की त्याचं परिपत्रक कामावर असलेल्यांना जातं, आणि ज्यांचे पैसे आहेत ते गावी शेतावर असतात. त्यांच्यापर्यंत ते कसं पोचवायचं, याचा विचार कोणाच्याच टेबलावर नसतो. तू निवृत्तांचे फोन नंबर एका वहीत घेऊन ठेव. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यांसाठी ते येतातच, तेव्हा विचारून घे.

ज्येष्ठता यादीची सूचना आली तर ती फलकावर लावून मोकळी होऊ नकोस. हरकतींची मुदत असते, आणि बाळंतपणाच्या रजेवर असलेल्या बाईला किंवा उपकेंद्रात बसलेल्याला ती कळत नाही. मुदत संपल्यावर यादी अंतिम होते आणि मग एकाच्या पदोन्नतीवर दुसऱ्याचं आयुष्यभराचं वैर. सूचना वही फिरव, नावापुढे सही घे, सहीखाली तारीख घ्यायला लाव. रजेवर असलेल्यांना घरी पत्र धाड आणि पोच नस्तीला, म्हणजे फाइलला लाव. लोक म्हणतील, पोरगी फार कायदा दाखवायली. म्हणू दे.

तुझंही सेवापुस्तक एकदा उघडून बघ. जन्मतारखेत चूक असेल तर दुरुस्तीचा अर्ज नोकरीला लागल्यापासून पाच वर्षांच्या आत करावा लागतो. निवृत्तीच्या तोंडावर आठवलं तर कोणी दाद देत नाही. सेवापुस्तकाची दुसरी प्रत मागून घे. नैमित्तिक रजा वर्षाला आठ आहेत, त्या डिसेंबरात संपवायची घाई करू नकोस. तेव्हा अख्खा विभाग रजेवर असतो आणि फोन उचलायला तूच उरतेस.

मोबाईलचं मला फार कळत नाही, पण एक दिसतं. आपल्या कार्यालयात अजून जुन्या फॉन्टमध्ये टाइप करणारे आहेत. ती फाइल दुसऱ्याच्या फोनवर उघडली की सगळी किडामुंगीसारखी अक्षरं. युनिकोडमध्येच टाइप कर, आणि पाठवण्याआधी एकदा मामांच्या फोनवर उघडून बघ. दुसरं म्हणजे, लोक सूचनेच्या पहिल्या पानाचा फोटो काढून पुढे ढकलतात. महत्त्वाची तारीख दुसऱ्या पानावर ठेवलीस तर ती कोणालाच कळणार नाही. आणि शुद्धिपत्रक काढावं लागलं तर त्यावर जुन्या परिपत्रकाचा क्रमांक आणि दिनांक ठळक लिही, काय बदललं तेही लिही. नाहीतर ग्रुपवर जुनं आणि नवं दोन्ही फिरत राहतं, आणि माणूस आपल्याला सोयीचं ते धरतो.

बाकी बरं आहे. काकूची गुडघेदुखी चालूच. बागेतल्या सीताफळाला यंदा बरं फळ धरलंय, पिकलं की पाठवतो.

हां, तू बघायला पाठवलेला १७ सप्टेंबरच्या कार्यक्रमाचा मसुदा वाचला. भाषा चांगली आहे, ‘संबंधित’ एकदाच आलाय. पण तारखेपुढे बुधवार लिहिलायस. गेल्या वर्षीची फाइल उघडून फक्त साल बदललंस ना? भिंतीवरच्या कालनिर्णयात बघ, यंदा गुरुवार आहे. दुरुस्त कर आणि मगच जावक क्रमांक टाक.

तुझा,
काका