फ्लूची लस अंड्यात बनवलेली घ्यावी की सेल-बेस्ड, खरंच फरक पडतो का?

फरक पडतो पण बहुतेकांसाठी थोडाच, त्यामुळे जी मिळेल ती वेळेत घेऊन टाका. अंड्याची पद्धत 1940 च्या दशकापासूनची, कोंबडीच्या फलित अंड्यात व्हायरस वाढवतात आणि मग तो मारून लस करतात, स्वस्त आहे पण वेळ खूप जातो, आणि खरी गोची म्हणजे अंड्यात वाढताना व्हायरस कधीकधी स्वतःच थोडा बदलतो, विशेषतः फ्लूचा एच3एन2 हा प्रकार, मग लस बाहेर फिरणाऱ्या व्हायरसशी नीट जुळत नाही. सेल-बेस्डमध्ये तो कुत्र्याच्या किडनीपासून तयार केलेल्या पेशींमध्ये वाढवतात (हो, कुत्र्याच्याच!), अमेरिकेत 2012 ला मंजुरी. तिसरी रिकॉम्बिनंट, तिला 2013 ला, यात फ्लूचा व्हायरस वाढवायचाच नसतो, कीटकांच्या पेशींकडून फक्त त्याचं एक प्रोटीन बनवून घेतात, आणि ते प्रत्येक स्ट्रेनमागे (व्हायरसच्या प्रकारामागे) 45 मायक्रोग्रॅम असतं, साध्या लशीत 15. अमेरिकेच्या सीडीसीने (तिथली सरकारी आरोग्य संस्था) 65 वर्षं आणि त्यापुढच्यांसाठी हाय-डोस (जास्त मात्रेची), अ‍ॅडज्युव्हंटवाली (लशीचा परिणाम वाढवणारा घटक घातलेली) किंवा रिकॉम्बिनंट यातली घ्यायला सांगितलंय. फक्त अंड्याच्या अ‍ॅलर्जीमुळे अंड्याची लस टाळायची गरज नाही, पण आधी फ्लूच्या लशीचीच गंभीर रिअ‍ॅक्शन आली असेल तर डॉक्टरांना विचारूनच.